सावकाश माणूस

४ फेब्रुवारी

आलो एकदाचे. मी, आई, दोन ट्रंका, शिवणाचं मशीन आणि आईची उशी, जी तिने प्रवासभर मांडीवरून हलवली नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी नवी नवरी होऊन कुणाच्या घरात शिरायचं म्हणजे विचित्रच, पण जाऊबाईंनी दारातच असं काही हसून हाताला धरलं की माझा अवघडलेपणा पळाला. घर टेकडीच्या उतारावर आहे. खाली गाव, गावापलीकडे नदी. खोल्यांना भरपूर उजेड, आणि स्वयंपाकघरात दोन बायका एकमेकींना न धडकता वावरतील एवढी जागा. दाताच्या दवाखान्यात ज्या काउंटरमागे बसून मी इतकी वर्षं लोकांना वेळा दिल्या, तो इथल्या मोरीतही मावेल.

आईला तळमजल्यावरची खोली मिळाली, खिडकीतून बाग दिसते. लग्न ठरताना मी ह्यांना बजावलं होतं की आई माझ्याबरोबर येईल, जमत असेल तरच पुढे बोलू. (मीही ‘हे’ लिहायला लागले. दवाखान्यातली नर्स नवऱ्याला ‘हे’ म्हणायची तेव्हा मी काय खिदळायचे.) तर ह्यांच्याआधी सासरेच म्हणाले होते, आईंना आणायलाच हवं. आईच्या गुडघ्यांचीही किती बारकाईने चौकशी केली त्यांनी. जिना चढायला वेळ लागतो का, काठी लागते का, खाली बसलं तर आपलं आपण उठता येतं का. हल्ली पोटची मुलं एवढं विचारत नाहीत. आई तर तिथेच विरघळली होती.

७ फेब्रुवारी

घरात माणसं मोजकी. सासरे, थोरले दीर, जाऊबाई आणि आम्ही तिघं. सासूबाई दोन वर्षांपूर्वीच्या वादळात गेल्या एवढंच मला माहीत आहे. त्यांचा विषय निघाला की सगळे ताटात बघतात, म्हणून मी काढत नाही.

सासरे चुंबकीय वेधशाळेत होते. उभा जन्म सुईकडे बघण्यात गेला आणि अजूनही हौस फिटलेली नाही. प्रत्येक खोलीत एक होकायंत्र, त्याखाली भिंतीवर खडूच्या रेघा. न्हाणीघरातसुद्धा आहे. आज त्यांनी मला समोर बसवून समजावलं की पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव जागा सोडतायत. आधी हळूहळू सरकतील, मग एकदम उलटतील, आणि त्या वेळी भूकंप, पूर, वादळं सगळं एकत्र येईल. मी म्हटलं, मला उत्तर कुठे आहे ते कधीच कळलेलं नाही, मी औषधांच्या दुकानावरून रस्ता ओळखते, त्यामुळे माझी काही फार गैरसोय होणार नाही. हे हसले. सासरे हसले नाहीत.

नंतर जाऊबाईंनी बागेमागचं तळघर दाखवलं. बागेतून उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, खाली टेकडीच्या पोटात शिरणारं लोखंडी दार, त्याला जहाजावर असतं तसं चाक. आत बिछाने, डबे, पाण्याच्या टाक्या, छतातून वर गेलेली हवेची नळी. त्याच्याही आत, चार पायऱ्या वर, आणखी एक लहान खोली, तिला वेगळं दार. एखादी बाई आपलं कपाट उघडून दाखवते तसं कौतुकाने सगळं दाखवलं त्यांनी. वेड आहे, पण व्यवस्थित वेड आहे. दारू-जुगारापेक्षा बरं.

१२ फेब्रुवारी

आज पहिला सराव. सकाळचा चहा चालू असताना भोंगा वाजला आणि सगळे कप टाकून धावत सुटले. हे माझा हात धरून ओढत होते आणि मला इतकं हसू येत होतं की पोटात कळ आली. तळघरात सासरे दाराशी वाळूचं घड्याळ उलटं करून उभे. वाळू संपली की दार बंद, मग देव आला तरी उघडायचं नाही, असा नियम. आई तेव्हा पायऱ्यांच्या वरच्या टोकाला होती, एका हाताने कठडा धरून दुसऱ्या हाताने मला थांब म्हणत होती. सासऱ्यांनी चाक फिरवलं.

तासाभराने दार उघडलं तेव्हा ती शेवटच्या पायरीवर बसून पोलक्याचं सुटलेलं बटण लावत होती. मला म्हणाली, तुझ्या सासरी पळायचं आहे हे आधी सांगितलं असतंस तर बूट घालून आले असते.

संध्याकाळी तिचं ताट मांडलेलं नव्हतं. मला वाटलं विसरले. तर हे हळूच म्हणाले की जो दाराबाहेर राहतो तो पुढच्या सरावापर्यंत मेलेला. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, त्याला वाढायचं नाही. अशी सवय लागली तरच त्या दिवशी मन घट्ट राहील.

मी सगळ्यांदेखत माझं ताट उचलून आईच्या खोलीत नेऊन दिलं आणि उपाशी झोपले.  

१६ फेब्रुवारी

सासऱ्यांनी शांतपणे सांगितलं की मी ताट नेलं म्हणून आईचं बाहेरचं राहणं आठवडाभर वाढलं आहे. आणखी एक नियमही सांगितला. घरात जो सगळ्यांत सावकाश, त्याच्या सख्ख्या माणसाने दार लावायचं. परक्याने लावलं तर आतले लोक त्याच्या जिवावर उठतील, जन्मभर दात धरतील. आपल्याच माणसाने लावलं की बोलायला जागा राहत नाही. तेव्हा यापुढे चाक माझ्याकडे.

मी ह्यांना म्हटलं, आपण जाऊ इथून. भाड्याची खोली सोडली, नोकरी सोडली, तरी बघू काहीतरी. हे म्हणाले, बाबा म्हातारे आहेत, त्यांचं मन राख, सराव तर आहे. हे माणूस म्हणून वाईट नाहीत. रात्री माझे पाय गार पडतात म्हणून स्वतःचे मोजे देतात. म्हणून मीही मान डोलावली.

आई दोन दिवस सगळ्यांना बोलावत होती. आज गप्प आहे. रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं आपलं आपण खाते. जाऊबाई तिच्या अगदी समोरून केर काढत गेल्या, खुर्चीखाली झाडावं तशा तिच्या पायांभोवती झाडत.

२ मार्च

बातम्या विचित्र येतायत. विमानं बंद केली आहेत. पक्षी वाट चुकतायत म्हणे. आमच्या गच्चीवर काल सकाळी कितीतरी कबुतरं येऊन आपटली, मी आणि जाऊबाईंनी सुपात भरून खड्ड्यात टाकली. काहींची मान अजून हलत होती. संध्याकाळी आभाळ हिरवं होतं, शेवाळ साचलेल्या पाण्यासारखं. न्हाणीघरातली सुई खडूच्या सगळ्या रेघा ओलांडून खिडकीकडे वळली आहे.

सासरे गात होते. त्यांना गाता येतं हे मला माहीतच नव्हतं.

आता मला कबूल करावं लागतंय की म्हातारा बरोबर होता. आणि तो जर सुईबाबत बरोबर असेल तर दाराबाबतही—

९ मार्च

आई सराव करते. दुपारी सगळे आडवे झाले की ती बागेतून पायऱ्या उतरते, दाराला हात लावते आणि परत येते. मी खिडकीतून बघते. कठडा धरून आडवं आडवं उतरायचं असं तिने शोधून काढलंय. काल माझ्या कानाशी येऊन म्हणाली, शाळेत धावण्यात मला कधी बक्षीस मिळालं नाही, ते बहुतेक आता मिळेल.

१५ मार्च

आई वेळेत आत आली.

मी चाकाला हात घालून उभी, वाळूची शेवटची धार पडत होती, आणि ती माझ्या काखेखालून आत शिरली. तोंड लाल, केस सुटलेले, आणि हसतेय. मी तिला मिठी मारली. हेही हसले, दीरांनी पाठ थोपटली. संध्याकाळी तिचं ताट मांडलं. तिने सासऱ्यांना खास दुसऱ्यांदा वाढलं.

जेवण झाल्यावर सासऱ्यांनी कपाटातून दुसरं वाळूचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. ते पहिल्याच्या निम्मं आहे. आणि झोपायला गेले.

१८ मार्च

आज जाऊबाई भाजी निवडता निवडता बोलल्या. मी विचारलं नव्हतं. म्हणाल्या, आधी सासूबाई सावकाश होत्या, दम्याच्या. वादळाच्या दिवशी चाक सासऱ्यांकडे होतं. सासूबाई पायऱ्यांवर होत्या, हाका मारत होत्या, आणि सासऱ्यांनी वाळू संपताच दार लावलं. सकाळी त्या कठड्याला घट्ट धरलेल्या सापडल्या. बोटं सोडवायला पक्कड लागली.

त्यानंतर दोन वर्षं घरात सावकाश माणूसच नव्हता. सगळे ढिले पडले, सरावाला अर्थ राहिला नाही. सासरे म्हणायचे, घरात एक तरी सावकाश माणूस हवा, त्याच्यामुळे बाकीचे चपळ राहतात. म्हणून धाकट्यासाठी स्थळं बघायला घेतली. मुलीचं वय नाही विचारलं, शिक्षण नाही, दिसणं नाही. आई हयात आहे का आणि तिचे गुडघे कसे आहेत, एवढंच.

जाऊबाईंना विचारलं, ह्यांना हे माहीत होतं का? त्या म्हणाल्या, स्थळासाठीची जाहिरात त्यांनीच लिहिली होती. मग पुढे म्हणाल्या की वाईट वाटून घेऊ नकोस, माझी कंबर कायम धरलेली, तुझ्या आई आल्या नसत्या तर सावकाश मीच ठरले असते. आणि माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी मनापासून आभार मानले.

१९ मार्च

ट्रंक भरली. आईला सांगितलं, उद्या सकाळी चालत निघू.

दुपारी भूकंप झाला. फार मोठा नाही, पण खालचा रस्ता नदीत गेला, पूलही. गावातली दिवेलागण झाली नाही. ट्रंक उघडून कपडे परत कपाटात लावले.

ह्यांना जाहिरातीचं विचारलं. मान खाली घालून म्हणाले, तुला बघितल्यावर मात्र तू मला खरोखरच आवडलीस.

२६ मार्च

लहान घड्याळ. आई बाहेर.

३१ मार्च

बाहेर. पायऱ्यांवर पडली, कोपर फुटलं. मेलेल्याला मलमपट्टी करत नाहीत. मी केली नाही.

मी केली नाही, असं मी लिहिलंय. पुन्हा पुन्हा वाचतेय.

मला तिचा राग येतो. खरं तेच लिहिते. ती आडवी आडवी उतरते तेव्हा मला ओरडावंसं वाटतं. चाकावर माझे तळवे घामेजतात आणि मनात येतं, किती वेळ लावते ही बाई, मुद्दाम करतेय का. लहानपणी माझ्या तापात रात्र रात्र उशाशी बसलेली ही, आणि मी तिच्या पायांवर चिडते.

सासरे म्हणाले, आता तुझा हात तयार होतोय. मला बरं वाटलं. शपथेवर सांगते, बरं वाटलं.

६ एप्रिल

आईने आपली गादी खाली पायऱ्यांपाशी नेली, दाराच्या अगदी जवळ. गारठ्यात झोपायला तयार होती. दीरांनी गादी उचलून परत खोलीत आणली. सासऱ्यांच्या मते ही लबाडी झाली.

सुया आता गरगर फिरतात. सगळ्या खोल्यांत. बघितलं की मळमळतं. नदी उलटी वाहताना दिसली, समुद्राकडून आत. घरांची छपरं होती पाण्यात. छपरांवर माणसं पण— इतक्या लांबून नीट कळत नाही. जाऊबाई पडदे ओढतात.

११ एप्रिल

झालं.

तळघरात आहे. कंदील आहे. लिहिते, नाहीतर ऐकू येतं.

दुपारी जमीन हलली, आणि खालून असा आवाज आला की— मग भोंगा. खरा. मी चाकापाशी. आई पायऱ्यांवर होती. शेवटच्या तीन-चार. कठडा सोडून दिला होता तिने, दोन्ही हात पुढे केले होते माझ्याकडे, लहान मूल चालायला शिकतं तसे. वाळू संपली. मी काही ठरवलं नाही. देवाशपथ काहीच ठरवलं नाही. हातांनी फिरवलं.

तिचे हात दारावर लागल्याचा आवाज आला. तळवे. इतकी जवळ होती.

लाट आलीच नाही लगेच. कितीतरी वेळ आली नाही. शांत होतं सगळं. मी चाक उलटं फिरवायला गेले तर दीरांनी मला धरलं आणि ह्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. सासरे म्हणाले, वेळ होता हे खरं, पण वेळ आहे की नाही हा प्रश्न आपला नाही, वाळू संपली की संपली.

मग ती हवेच्या नळीपाशी आली. पायऱ्या परत चढून, त्या गुडघ्यांनी. वरून आवाज अगदी स्पष्ट येतो. आधी विचारलं, तुला लागलं नाही ना. मग म्हणाली, दार अडकलं असेल तर घाई करू नको, मी थांबते. तिला वाटतंय दार अडकलंय.

नंतर म्हणाली, पाणी बागेत आलंय.

नंतर नुसतं माझं नाव.

सासऱ्यांनी माझी शाल माझ्या हातात दिली आणि नळीकडे बोट दाखवलं. आपलंच माणूस. मी शाल कोंबली.

१२ की १३ एप्रिल

नळी बंद ठेवता येत नाही, हवा लागते. शाल काढली. आता नुसतं पाणी ऐकू येतं.

 जाऊबाईंनी वाढलं. चांगलं भरून. मी खाल्लं. सगळं खाल्लं.

?

पुन्हा हलली. मोठी. डब्यांची मांडणी माझ्या अंगावर आली, पाय खाली सापडला. घोट्यापासून उलटा झालाय. हाड दिसतंय. ह्यांनी ओढून काढलं, मी ओरडले. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. स्वतःचा मोजा काढून माझ्या दुसऱ्या पायात घातला.

सासरे कंदील घेऊन आले. पायाकडे बराच वेळ बघत होते. मला विचारलं, उभं राहता येतं का. कुणी न धरता. किती वेळात.

आवाज अगदी मायेचा होता.

?

दाराखालून पाणी येतंय. आधी रेघ, आता बोटभर. आतल्या खोलीत जायचं ठरलंय, उंचावरच्या. तिथलं दार पाणी धरतं म्हणे. पाणी घोट्यापर्यंत आलं की भोंगा. नियम तेच.

मी म्हटलं, आत्ताच न्या ना मला. उचलून. आत्ता कुठे घाई आहे. दीर भिंतीकडे बघत राहिले. सासरे म्हणाले, ही लबाडी झाली.

आतल्या दाराचं चाक ह्यांच्याकडे दिलंय.

?

हे थोडा वेळ माझ्याजवळ बसले. मी विचारलं, थांबाल ना. थोडंसं. एक श्वास. म्हणाले, माझी आई गेली तेव्हा बाबांचा हात थरथरला नव्हता, तुझाही नाही थरथरला, त्यांनी सगळ्यांना सांगितलंय. माझ्याबद्दलही त्यांना अभिमान वाटायला हवा. आपण काय बोलतोय ते ह्यांनाही कळत नव्हतं. माझे केस मागे सारले आणि गेले.

जाऊबाई आत बिछाने घालतायत. मोजून घालतायत. ऐकू येतं.

मी कोपरांवर सरकायचा सराव केला. मांडणीपासून पायरीपर्यंत जमतं. चार पायऱ्या आहेत फक्त. आडवं आडवं चढलं तर—

पाणी मोज्याला लागलं.

भोंगा

वाळू उलटली सासऱ्यांनी, लहानवाली. वही सोडायला हवी. सोडते. हे दारात उभे आहेत, दोन्ही हात चाकावर. मी म्हणतेय आले, आले, पायरीवर हात पोचलाय माझा, बघा तरी इकडे. बघत नाहीत. वाळूकडेच बघतायत. अजून आहे, वर थोडी आहे अजून, मला इथून दिसतेय, अहो, थोडी आ